प्रारब्ध आणि प्रयत्न : राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज यांचे जीवनचरित्र

विदर्भ ही संतांची भूमी आहे. शेगावचे श्री गजानन महाराज, बालपणीच दृष्टी गमावूनही ग्रंथकर्ते झालेले प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज, हाती खराटा घेऊन गावोगाव फिरलेले श्री गाडगेबाबा, नागपूरचे श्री ताजुद्दीनबाबा अशी थोर मालिका या भूमीला लाभली आहे. याच मालिकेतील एक तेजस्वी नाव म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज. नागपूर नगरीत दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांच्या दृष्टीस हे नाव वारंवार पडते. येथील विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते, कर्करोगाच्या रुग्णालयास त्यांचे नाव आहे, आणि दक्षिण नागपुरातील एका गजबजलेल्या चौकाला तर ऑटोरिक्षावाले तुकडोजी पुतळा याच नावाने हाक मारतात. भगवी वस्त्रे परिधान केलेली आणि हाती खंजिरी घेतलेली ही विभूती कोण, तिने लोकांना काय सांगितले, हे दूरच्या यात्रेकरूंना ठाऊक असतेच असे नाही. त्यांच्यासाठी महाराजांचे हे अल्पचरित्र येथे दिले आहे.

जन्म आणि गुरुकृपा

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या लहानशा गावी झाला. वडिलांचे नाव बंडोजी, मातोश्रींचे नाव मंजुळाबाई. घरात अठराविश्वे दारिद्र्य होते. बालकाचे नाव माणिक ठेवण्यात आले. माणिकचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. त्याचे चित्त पाटीपुस्तकापेक्षा भजनात अधिक रमत असे. वरखेड येथील सत्पुरुष श्री आडकोजी महाराज यांचा सहवास त्याला बालवयातच लाभला आणि तेच त्याचे सद्गुरू झाले. भजन गावे आणि मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यावर गुजराण करावी, असा त्या मुलाचा क्रम होता. त्यावरूनच सद्गुरूंनी त्याला तुकड्या असे नाव दिले. पुढे महाराजांनी आपल्या असंख्य भजनांत हीच नाममुद्रा वापरली. मोठेपणी लक्षावधी लोक पायाशी बसले तरी भाकरीच्या तुकड्याची आठवण देणारे हे नाव त्यांनी टाकले नाही.

आडकोजी महाराजांनी १९२१ साली देह ठेवला, तेव्हा माणिक अवघा बारा वर्षांचा होता. सद्गुरूंचे छत्र हरपल्यानंतर त्या कोवळ्या वयात त्याने घर सोडले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानावनांतून तो हिंडला. नागपूरपासून जवळच असलेल्या रामटेकच्या गडावर आजही हजारो भाविक श्रीरामाच्या दर्शनास जातात. याच डोंगराच्या परिसरात एका अनाम मुलाने काही काळ साधना केली होती. चिमूर तालुक्यातील गोंदोडा येथील जंगल आज तपोभूमी म्हणून प्रसिद्ध आहे.

रानातून परतलेला साधू

येथे त्या काळच्या ग्रामीण जीवनाकडे थोडे वळून पाहणे आवश्यक आहे, अन्यथा महाराजांच्या कार्याचे मोल कळणार नाही.

वऱ्हाड आणि नागपूर प्रांतातील शेती बहुतांशी कोरडवाहू. कपाशी आणि ज्वारी ही मुख्य पिके, आणि सारा भरवसा आभाळावर. वर्षभर घाम गाळावा आणि मृगाने किंवा आर्द्रेने दगा द्यावा, असे ज्याच्या वाट्याला दर चार-दोन वर्षांनी येते, तो मनुष्य नशीब हा शब्द सहजपणे उच्चारू लागतो. त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु न्यायाचे नाही. पाऊस हाती नाही, बाजारभाव हाती नाही, सावकार ऐकत नाही, मूल तापाने फणफणले तर कोसभर वैद्य नाही. अशा वेळी गावातील देवऋषी हाच आधार वाटे. तो लिंबू उतरवी, कोंबडे मागे, कोणाची करणी झाली हे सांगे आणि बहुधा एखाद्या निराधार विधवेकडे बोट दाखवी. पटकी आली की देवीचा कोप झाला म्हणून बकरा कापला जाई. कर्ज काढून नवस फेडले जात. मांजर आडवे गेले म्हणून कामावरचा मनुष्य माघारी वळे आणि अवस पडली म्हणून पेरणी थांबे. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नसे.

अशा समाजात रानातून तप करून परतलेल्या तरुण साधूकडून लोकांची अपेक्षा काय असणार? अंगारा, ताईत, भविष्य आणि वाचासिद्धी! लेकरू होत नाही, बैल हरवला, खटल्याचा निकाल काय लागेल, अशी गाऱ्हाणी घेऊन लोक अशा प्रत्येक साधूपुढे रांग लावीत असत. महाराजांपुढे दोन वाटा होत्या. पहिली सोपी होती. त्या वाटेने गेले असते तर थोड्याच काळात धन, मठ आणि जयजयकार सारे पायाशी आले असते, आणि लोकांनीही त्यांना आनंदाने तसे जाऊ दिले असते. महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि ते गावोगाव भजन करू लागले. त्यांच्या खंजिरीची थाप आणि पहाडी आवाज ऐकण्यासाठी पंचक्रोशीतील माणसे बैलबंड्या जुंपून येत. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. शब्द साधे, चाल सहज ओठावर बसणारी, आणि आशय मात्र झोप उडविणारा. त्यांच्या एका अतिशय लोकप्रिय भजनात अंतःकरणात भाव नसता बाहेरून देवाला आळविणाऱ्यांची खोडी काढली आहे. हसत हसत गायिले जाणारे हे भजन आजही विदर्भातील प्रत्येक भजनी मंडळाला मुखोद्गत आहे.

सालबर्डी, गुरुकुंज आणि सेवाग्राम

१९३५ साली सालबर्डी येथे महाराजांनी मोठा यज्ञ केला. या सोहळ्यास तीन लाखांहून अधिक जनसमुदाय लोटला होता, असे सांगितले जाते. रस्ते आणि वाहने यांची वानवा असलेल्या त्या काळात डोंगराच्या पायथ्याशी एवढी माणसे जमणे हीच एक अपूर्व घटना होती. या सोहळ्याने महाराजांचे नाव मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दूरवर पोहोचले.

त्याच सुमारास अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी या गावाजवळ त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्राम येथे गेले आणि सुमारे एक महिना तेथे राहिले. त्या आश्रमात प्रार्थना होती, तशीच झाडलोटही होती. सूतकताई होती, तशी शौचकूप स्वच्छ करण्याची पाळीही होती. एकाच दिवसाच्या वेळापत्रकात देव आणि श्रम या दोहोंना स्थान होते. महाराजांच्या मनात हे बीज आधीपासून असलेच पाहिजे. पुढील काळात त्यांच्या कार्याला जे वळण लागले, त्यात मात्र यज्ञमंडपापेक्षा गावाचा रस्ता, विहीर आणि उकिरडा यांना अधिक महत्त्व आले, हे स्पष्ट दिसते.

नागपूरचा कारावास

१९४२ साली देशभर चले जाव आंदोलनाचा वणवा पेटला. चिमूर आणि आष्टी या दोन गावांनी त्यात जे बलिदान केले, ते स्वातंत्र्याच्या इतिहासात अमर आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे गोळीबार झाला आणि जनक्षोभ उसळला. या भागातील तरुणांच्या ओठी महाराजांची भजने होती. आपली गुलामगिरी हे विधिलिखित नाही, ती माणसांनी लादली आहे आणि माणसेच ती दूर करू शकतात, हा त्या भजनांतून उमटणारा भाव इंग्रज सरकारला बंदुकीहून अधिक धोकादायक वाटला. २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे अटक करण्यात आली. त्यांना प्रथम नागपूरच्या आणि नंतर रायपूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका झाली.

ज्या नागपुरात आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे, त्याच नागपुरात ते एकेकाळी बंदिवान होते. भाविकांनी वर्धा मार्गाने जाताना मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंती पाहिल्यास ही गोष्ट अवश्य आठवावी.

सुटकेनंतर १९४३ साली श्री गुरुदेव सेवामंडळाच्या कार्याला संघटित रूप मिळाले आणि श्रीगुरुदेव हे मासिक सुरू झाले. गावोगाव सेवामंडळाच्या शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि या दोहोंच्या मध्ये गावाची सेवा, असा सेवकांचा नित्यक्रम ठरला. भगवी टोपी घातलेला गुरुदेव सेवक हातात झाडू घेऊन रस्ता झाडताना दिसू लागला.

ग्रामगीता

महाराजांच्या विचारांचे सार ग्रामगीता या ग्रंथात साठविलेले आहे. या ग्रंथाचे ४१ अध्याय असून त्यात ४,६७५ ओव्या आहेत. १९५० च्या दशकात प्रकाशित झालेला हा ग्रंथ महाराजांनी ग्रामदेवतेला अर्पण केला आहे. ही ग्रामदेवता शेंदूर फासलेल्या शिळेत नाही. गावात राहणारी, कष्ट करणारी माणसे हेच तिचे रूप. ओवी हा छंद विदर्भातील स्त्री-पुरुषांच्या कानांना जात्यावरच्या गाण्यांपासून आणि पोथ्यांच्या पारायणांपासून परिचित होता. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही हा ग्रंथ ऐकून समजत असे.

अध्यायांची नुसती नावे वाचली तरी या ग्रंथाचे वेगळेपण ध्यानी येते. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, गोवंश-सुधार, श्रम-संपत्ती, महिलोन्नती, अंत्यसंस्कार, यात्रा-मेळे, देवमंदिर, संत-चमत्कार, प्रारब्धवाद आणि प्रयत्न-प्रभाव. मोक्षाची वाट दाखविणाऱ्या ग्रंथात गोठा, संडास आणि पिण्याचे पाणी यांना स्थान देणारा हा संत अन्य पोथ्यांच्या रचयित्यांपेक्षा निराळा होता.

यांतील प्रारब्धवाद आणि प्रयत्न-प्रभाव या विषयांकडे भाविकांनी विशेष लक्ष द्यावे. दैवावर भार टाकून बसणाऱ्या मनुष्याचा प्रश्न मोठा अवघड असतो. सर्व काही पूर्वकर्माने ठरलेले असेल तर हातपाय हलवून उपयोग काय? आणि सर्व काही प्रयत्नाने मिळत असेल तर प्रामाणिकपणे राबणारा उपाशी आणि लबाड सुखी असे का दिसते? या प्रश्नाला दोन उत्तरे सहज सुचतात. एक नास्तिकाचे, की प्रारब्ध नावाची वस्तूच नाही. दुसरे आळशाचे, की कपाळी असेल ते होईल.

महाराजांनी दोन्ही उत्तरे बाजूला ठेवली. कर्मसिद्धान्ताचा त्यांनी त्याग केला नाही, त्याचा अर्थच त्यांनी उलगडून दाखविला. ज्याला आपण प्रारब्ध म्हणतो ते कोठून आकाशातून पडलेले नाही. ते पूर्वी केलेल्या कर्माचे फळ आहे. मग कालचा प्रयत्न आजचे प्रारब्ध होत असेल, तर आजचा प्रयत्न उद्याचे प्रारब्ध होणारच. अर्थात प्रारब्धाचा खरा भक्त तोच, जो आज कष्ट करतो. कोठारातील बियाणे हे गेल्या हंगामाच्या श्रमाचे फळ असते. ते कोठारातच ठेवून पिकाची वाट पाहणाऱ्याला कोणताही शेतकरी शहाणा म्हणणार नाही. कर्माचा सिद्धान्त विदर्भातील शेतकऱ्याला लहानपणापासून ठाऊक होता, परंतु तो त्याला हात बांधणारा दोर वाटत होता. महाराजांनी तोच दोर विहिरीवरच्या मोटेला बांधायला शिकविले.

यात आणखी एक बारकावा आहे. एकाच्या दुःखाला त्याचे एकट्याचे प्रारब्ध जबाबदार असते, असे मानले की शेजाऱ्याची जबाबदारी संपते. गरीब आपल्या कर्माने गरीब, अस्पृश्य आपल्या कर्माने अस्पृश्य, विधवा आपल्या कर्माने अभागी, असा हा निर्दय हिशेब शतकानुशतके मांडला गेला. महाराजांना तो मान्य नव्हता. गावातील घाण, अज्ञान आणि विषमता ही सर्वांनी मिळून केलेली कर्मे आहेत, म्हणून त्यांचे निवारणही सर्वांनी मिळून करावयाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. सामुदायिक हा शब्द त्यांच्या शिकवणीत प्रार्थनेपासून शेतीपर्यंत सर्वत्र येतो, त्याचे कारण हेच.

संत-चमत्कार या विषयावरही महाराजांची भूमिका निःसंदिग्ध होती. चमत्काराने संतांची पारख करणे त्यांना मान्य नव्हते. लोकांची बुद्धी जागी करणे आणि पतितांना वर काढणे हे संतांचे खरे कार्य, असे ते सांगत. नवसासाठी मुक्या प्राण्यांचा बळी, अंगात येणे, भूतबाधा आणि ढोंगी बुवांचा सुळसुळाट यांवर त्यांनी भजनांतून आणि ग्रंथातून कठोर प्रहार केले. हे सारे एका भगव्या वस्त्रातील साधूच्या तोंडून येत होते, म्हणून गावकरी ते ऐकून घेत. हेच जर शहरातल्या सुशिक्षिताने येऊन सांगितले असते, तर धर्म बुडवायला आला म्हणून त्याला वेशीबाहेर काढले असते!

मंदिर आणि यात्रा

भक्तनिवास, सभामंडप आणि अन्नदानासाठी देणगी देणाऱ्या भाविकांना ग्रामगीतेतील देवमंदिर आणि यात्रा-मेळे हे अध्याय मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. मंदिर हे गावाच्या संस्कारांचे केंद्र व्हावे, तेथे स्वच्छता, ज्ञान आणि एकोपा नांदावा, सर्वांना तेथे मोकळा प्रवेश असावा, असे महाराजांना वाटे. जुन्या मंदिराची पडझड होत असता हौसेखातर नवे मंदिर बांधणे त्यांना रुचत नसे. यात्रांमध्ये भरणारी गर्दी, तिच्यासोबत येणारी घाण, फसवणूक आणि जुगार यांविषयी ते स्पष्टपणे लिहितात. पण यात्रा बंद करा असे मात्र ते म्हणत नाहीत. एवढे लोक आपणहून एकत्र येतात, तर तेथे शेतीची, आरोग्याची आणि उद्योगाची माहिती त्यांना का देऊ नये, असा त्यांचा दृष्टिकोन आहे.

महाराज देवाचे वैरी नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांचा दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि प्रार्थनेनेच संपे. मात्र सेवामंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत समोर कोणत्याही एका दैवताची मूर्ती नसते, तेथे केवळ एक अधिष्ठान, म्हणजे आसन, मांडलेले असते. कोणत्याही धर्माच्या, पंथाच्या आणि जातीच्या मनुष्याने समोर बसून आपल्या इष्टाचे स्मरण करावे, अशी त्यामागची योजना. देवावरील श्रद्धा मनुष्याला निर्भय करते आणि शकुन-अपशकुनांचे भय त्याला दुबळे करते. ज्याचा ईश्वरावर पूर्ण विश्वास आहे त्याने मांजराला का भ्यावे? महाराजांच्या दृष्टीने अंधश्रद्धा हा श्रद्धेचा अतिरेक नव्हताच. तो श्रद्धेचा अभाव होता.

ही शिकवण कृतीत उतरविणे सोपे नव्हते. गावात पटकीची साथ आली असता बकरा कापण्यापेक्षा विहिरीचे पाणी शुद्ध करा आणि उघड्यावर घाण करू नका, हे पटवून देण्यासाठी सेवकांना स्वतः फावडे आणि टोपली उचलावी लागे. देवीच्या रोगाचेच उदाहरण घेता येईल. या रोगाच्या नावातच देवता होती. घरात रोगी असला की औषध वर्ज्य मानले जाई आणि लस टोचणाऱ्याला पाहून बायाबापड्या मुलांना लपवीत. देशातील या रोगाचा अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ साली नोंदविला गेला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. हा दिवस पाहायला महाराज राहिले नव्हते. लस टोचणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या पायपिटीने हा रोग गेला, आणि देवीची मंदिरे जेथल्या तेथे आहेत; तेथील गर्दीही ओसरलेली नाही.

राष्ट्रसंत

स्वातंत्र्यानंतर महाराजांचे कार्य विदर्भाच्या सीमा ओलांडून देशभर पसरले. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत या उपाधीने गौरविले. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान कार्यात ते सहभागी झाले. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित राहिले आणि तेथेही त्यांची खंजिरी निनादली. १९५६ साली भारत साधुसमाजाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. साधूंनी समाजाच्या अन्नावर जगायचे तर समाजाची सेवाही करावी, ही त्यांची अपेक्षा त्या पदामुळे देशभरातील साधूंपर्यंत पोहोचली. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी जवानांचे मनोधैर्य वाढविण्यासाठी ते सीमेवरही गेले.

अखेरचे दिवस

आयुष्याच्या अखेरीस महाराजांना कर्करोगाने ग्रासले. लाखो भक्तांच्या मनात त्या वेळी काय आले असेल, याची कल्पना करता येते. ज्यांच्या पायाशी सारे गाव आपले दुःख घेऊन येत होते, त्यांनाच असा आजार का व्हावा? पूर्वीच्या समजुतीप्रमाणे याची अनेक उत्तरे तयार होती. कोणी भक्तांचे भोग स्वतःवर घेतल्याचे म्हटले असेल, कोणी ग्रहांकडे बोट दाखविले असेल. पण ज्या संताने जन्मभर रोगाला रोग म्हणायला शिकविले, त्याच्या अखेरच्या आजाराचेही तसेच पाहणे उचित ठरते. शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात महाराज ब्रह्मलीन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५९ वर्षांचे होते. गुरुकुंजातच त्यांची महासमाधी बांधण्यात आली.

नागपुरात कर्करोगग्रस्तांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी यांचे नाव आहे. विदर्भातून आणि लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही गोरगरीब रुग्ण येथे येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनगटावर गंडा असतो आणि हातात तपासणीचे कागद. दोन्ही एकाच वेळी असण्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि उपचार वेळेवर सुरू झाले तर त्या गंड्याला नावे ठेवण्याचे कारणही नाही. दुःख होते ते आधी वर्षभर केवळ गंड्यावर विसंबून राहिलेला रुग्ण उशिरा दाखल होतो तेव्हा.

महाराजांच्या पश्चात

१९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे नामकरण झाले. शाळेचे जेमतेम तोंड पाहिलेल्या मुलाचे नाव आज लक्षावधी पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर छापले जाते. २०१३ साली महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या विरोधात स्वतंत्र कायदा झाला. करणीच्या संशयावरून एखाद्या स्त्रीला गावासमोर छळणे किंवा मंत्राने रोग बरा करण्याचे सांगून रुग्णाला औषधापासून रोखणे हा आता महाराष्ट्रात दंडनीय अपराध आहे. महाराजांनी खंजिरीच्या तालावर जे सांगितले, त्यातील काही भाग कायद्याच्या पुस्तकात यायला त्यांच्या निर्वाणानंतर ४५ वर्षे लागली.

चमत्काराने संतांची पारख करू नये असे सांगणाऱ्या या संताच्या नावावरही चमत्कारांच्या कथा सांगितल्या जातातच. भक्तांचे प्रेम त्यांतून प्रकट होते, म्हणून त्या कथा सांगणाऱ्यांवर रागावण्याचे कारण नाही. पण यावलीच्या दरिद्री घरातील अल्पशिक्षित मुलाने ४,६७५ ओव्या रचाव्यात आणि त्या गावागावांत लोकांनी पाठ कराव्यात, याहून मोठी कथा त्यांत क्वचितच सापडेल.

गुरुकुंज दर्शन

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे १२० कि.मी. अंतरावर, अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. नागपूर-अमरावती मार्गावरील बसने तेथे जाता येते. महाराजांची महासमाधी, प्रार्थना मंदिर आणि जवळची दासटेकडी ही तेथील दर्शनाची स्थाने होत. ज्यांना शक्य असेल त्यांनी सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेच्या वेळेपर्यंत थांबावे.

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या काही दिवस आधी, गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सव साजरा होतो. खरिपाची कामे आटोपती घेऊन विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून दिंड्या पालख्यांसह येतात. अनेक जण पायी चालत येतात. मुख्य दिवशी दुपारपासूनच समाधीसमोरचे पटांगण भरू लागते. ४ वाजून ५८ मिनिटे होताच खंजिरी, टाळ आणि ध्वनिक्षेपक सर्व थांबतात, लाखांचा समुदाय हात जोडून जागच्या जागी उभा राहतो आणि महाराजांना मौन श्रद्धांजली अर्पण केली जाते. त्यानंतर तेथे सर्वधर्मीय प्रार्थना होते.